शेवटच्या बाकापर्यंत

इंदोरा, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. मेघास,
आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन येतो, मी उचलते, आणि तू तिकडून नुसती हॅलो हॅलो करत बसतेस. माझा आवाज अहेरीपर्यंत पोचत नाही आणि तू तिकडे रडतेस, ते मात्र मला स्वच्छ ऐकू येते. मोबाइलवर लिहायला जावे तर ते यंत्र माझे शब्द परस्पर बदलते. उभा जन्म पोरांचे शुद्धलेखन तपासण्यात गेला, आता यंत्राकडून माझे तपासून घ्यायची मला हौस नाही. तेव्हा यापुढे पत्र. उत्तरही पत्रानेच दे, आणि डॉक्टरी अक्षरात नको.

थायरॉइडची गाठ काढली ती जखम छान भरली आहे. गाठ साधी निघाली हे तुला माहीतच आहे. आवाज मात्र अजून तसाच, कुजबुजल्यासारखा. पाणी पिताना हनुवटी छातीशी टेकवून घोट घ्यावा लागतो, नाहीतर ठसका लागतो. विहारात रविवारची वंदना आता भारती घेते. मुलगी चांगली आहे, पण त्रिशरण असे म्हणते की जणू तिची बस सुटते आहे. मी मागे बसून ओठ हलवते.

परवा दवाखान्यातून एक गृहस्थ आले होते. फार गोड बोलले, पेढे आणले. दवाखाना आणि त्यांची विमा कंपनी मिळून मला काही रक्कम देऊ करत आहेत. मी एका कागदावर सही करायची की विषय इथे संपला. तुझा धम्मानंदमामा तेव्हा घरी होता. रक्कम ऐकून तो म्हणाला की याच्या दुप्पट मागायला पाहिजे. मी अजून काही ठरवलेले नाही.

तू चेतनवर चिडली आहेस ते मला कळते. मेडिकल कॉलेजात माझ्या सरांकडे जा, असे तू दहादा सांगितले होतेस. पण माझ्या वर्गात बसून गेलेला विणकराचा पोरगा रामदासपेठेत सर्जन झाला, आणि मी माझी मान दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची? तुझ्या बापाच्या आजारपणात मी कोणाकोणाच्या दारात उभी राहिले ते आठवते ना. या वेळी मला माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्याच्या दारात ताठ मानेने जायचे होते. आता त्याच मानेचे काय झाले, असे तू म्हणशील. म्हण. पण मी गेले ते अभिमानाने गेले.

जेवत जा. लोभ आहेच, तो टिकवायचा असेल तर उत्तर वेळेवर पाठव.

तुझी
आई


अहेरी
१७ फेब्रुवारी २०२५

ति. आईस,
मेघाचा सप्रेम जयभीम. अक्षर बघ, लागते का.

कुठल्याही कागदावर सही करू नकोस. हे पहिले वाक्य मुद्दाम लिहिते आहे, कारण तू माझी पत्रे शेवटपर्यंत वाचण्याआधी शुद्धलेखन बघतेस.

आई, तुला कोणी नीट सांगितलेले नाही, म्हणून मी सांगते. आवाजाची नस थायरॉइडच्या मागून जाते, दोऱ्याएवढी बारीक. ती डोळ्यांना दिसेपर्यंत तिथे चिमटा लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्यापासून घोकवतात. चांगल्या सर्जनच्या हातूनही ती कधीमधी दुखावते, हे मी डॉक्टर म्हणून मान्य करते. तेवढ्यावरून मी कोणाला नालायक म्हणणार नाही. पण तुझ्या डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या खाटेशी येऊन तो म्हणाला की सूज आहे, उतरेल. मी तिथे उभी होते. त्याने माझ्याकडे बघितले नाही. सर्जनला सूज कोणती आणि नस कोणती हे कळत नाही, असे होत नाही.

इथल्या दवाखान्यात आमचा भूलतज्ज्ञ पियूष याच्याशी माझे रोज भांडण होते. त्याचे म्हणणे, प्रत्येक चुकीला कोर्टात खेचले तर आपल्यासारख्या ठिकाणी कठीण पेशंटला कोणी हात लावणार नाही. सगळे जण चिठ्ठी लिहून नागपूरला पाठवतील आणि पेशंट रस्त्यातच जाईल. त्याचे खोटे नाही, मी असे पेशंट बघितले आहेत. पण प्रत्येक चूक पैसे देऊन कागदाखाली पुरली, तर पुढचा पेशंट त्याच हाताखाली झोपतो आणि त्याला काहीच माहीत नसते. यावर पियूष म्हणाला की मग तूच सांग काय करायचे. मी अजून चिडले.

मला ग्राहक आयोगात जायचे आहे, मेडिकल कौन्सिललाही कळवायचे आहे. तो तुझा विद्यार्थी आहे म्हणून त्याला सोडू नकोस. तुझ्या वर्गात कोणाला सोडायचीस का तू? मला तर स्वतःच्या मुलीला बाकावर उभे करायची.

आवाजाच्या व्यायामाचा कागद सोबत पाठवते. रोज कर. सहा महिने वाट बघू, नाही सुधारले तर त्यावर एक छोटी शस्त्रक्रिया असते. त्या वेळी दार मी निवडणार.

रागावलेली, पण तुझीच,
मेघा


इंदोरा, नागपूर
१ मार्च २०२५

चि. मेघास,
जयभीम आणि आशीर्वाद, रागासकट. वि. वि.

अक्षर लागले. 'शस्त्रक्रिया' नीट लिहिलीस, बाकीचे जाऊ दे.

सदर भागात दवाखान्याच्या वकिलांकडे जाऊन आले. मामा सोबत होता. मी वकिलांना म्हटले, म्हणजे कागदावर लिहून दाखवले, की आधी पूर्ण मसुदा मोठ्याने वाचा. त्यांनी वाचला. दवाखान्याकडून कोणतीही चूक झाली असे यात मान्य केलेले नाही. मी कुठेही तक्रार करणार नाही. आणि झालेला प्रकार कोणासही, तोंडी अथवा लेखी, सांगणार नाही. म्हणजे हे पत्रसुद्धा गुन्हा झाला, मेघा. आईने मुलीला लिहिलेले.

तोवर माझे मन डळमळत होते, खोटे कशाला सांगू. पण ते वाक्य ऐकले आणि मला माझा वर्ग आठवला. माझा नियम तुला माहीत आहे, तूही त्यातून गेली आहेस. ज्याचे गणित चुकले त्याने उभे राहायचे, कुठे चुकले ते स्वतः सांगायचे आणि तेच गणित सगळ्यांना समजावून द्यायचे. शेवटच्या बाकावरच्याला कळेपर्यंत. मग मी 'बस' म्हणायची. त्याआधी बसायचे नाही. हसले कोणी तर पुढची पाळी हसणाऱ्याची. छडी मी कधी घेतली नाही. चेतन तर किती वेळा उभा राहिला आहे. त्याला भागाकार यायचा नाही, पण समजावायचा फार सुरेख.

मला नस गेल्याचे दुःख आहे. विहारात बसून ओठ हलवायचे म्हणजे काय ते तुला सांगता येणार नाही. पण जास्त दुखले ते त्याने सूज म्हटले ते. त्या क्षणी माझा विद्यार्थी माझ्यासमोर बाकाखाली लपला. आता हा कागद त्याला तिथेच कायमचा लपवून ठेवणार, आणि मी त्यावर सही करून त्याला मदत करायची.

मी वकिलांना माझी अट लिहून दिली. रक्कम नको, आवाजाच्या उपचाराचा काय तो खर्च दवाखान्याने करावा. न बोलण्याचे कलम काढावे. आणि चेतनने दवाखान्यातल्या सगळ्या डॉक्टरांसमोर, नर्सबाईंसमोर उभे राहून माझ्या ऑपरेशनमध्ये काय चुकले ते समजावून सांगावे, मी तिथे बसलेली असताना. हे जमत नसेल तर तुझे आयोग आणि कौन्सिल आहेच, मी तुझ्यासोबत येईन. वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितले आणि म्हणाले की अशी अट आजवर कोणी घातलेली नाही.

मामा बाहेर येईपर्यंत धुसफुसत होता. रस्त्यातच म्हणाला, "ताई, तुले त्या पोराची एवढी कणव काहून येऊन राहिली? त्या पैशात घरावर स्लॅब पडला असता." कणव नाही, हे त्याला कसे सांगणार, माझा आवाज गाड्यांच्या हॉर्नखाली गेला. रागारागात मला बर्डीच्या बाजारात घेऊन गेला, संत्र्याचा रस मागवला, मग एकदम आठवले की पातळ मला चालत नाही. स्वतः दोन्ही ग्लास प्यायला आणि मला घट्ट लस्सी आणून दिली. असा आहे तो.

चेतनला मी वेगळे पत्र टाकले आहे. घरच्या पत्त्यावर. त्यात फक्त एवढेच लिहिले की उभा राहा.

व्यायाम करते. शेजारच्यांना वाटते घरात कबुतर पाळले आहे.

तुझा लोभ माझ्यावर असाच भांडखोर राहो.

आई


नागपूर
१२ मार्च २०२५

आदरणीय बाई,
सविनय जयभीम. आपण बऱ्या असाल असे लिहायला हात धजत नाही.

दवाखान्याच्या वकिलांनी मला आपल्याला भेटायला आणि लिहायला मनाई केली आहे. आपले पत्र आले तेव्हा मी ते घरात सगळ्यांसमोर उघडले. वडिलांनी विचारले, कोणाचे आहे. मी म्हटले, बाईंचे. काय लिहिले आहे विचारले, तेही सांगितले. ते म्हणाले की मग उभा राहा ना. त्यांना आधी काही माहीत नव्हते. ते अजूनही ज्याला त्याला सांगतात की पोराने आपल्या बाईंचे ऑपरेशन केले.

बाई, ती सूज नव्हती. मला त्याच दिवशी माहीत होते. रक्त आले, मला काही दिसेना, मी घाबरलो आणि न बघता चिमटा लावला. आमचे मोठे सर शेजारच्या ऑपरेशनमध्ये होते. हाक मारली असती तर ते आले असते. मी मारली नाही, कारण टेबलावर आपण होता आणि बाईंचे ऑपरेशन मी एकट्याने केले असे मला सांगायचे होते. याहून खरे कारण माझ्याकडे नाही.

मी सरांना सगळे सांगितले. आपली सभेची अटही सांगितली. ते म्हणाले की त्या दिवशी मी तिथे असायला हवे होते, हेही सभेत सांग. व्यवस्थापन तयार नव्हते. सर म्हणाले, सभा होणार नसेल तर कौन्सिलपुढे मीच साक्ष देईन. मग ते तयार झाले. नोकरी राहील की नाही ते अजून कोणी सांगितलेले नाही. तोवर मी मानेचे कोणतेही ऑपरेशन सरांशिवाय करणार नाही, आणि पुढे ते केव्हा करायचे तेही तेच ठरवतील.

मेघाताईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तो घेतला नाही तरी माझी तक्रार नाही.

मी उभा राहीन.

आपला विद्यार्थी
चेतन


अहेरी
२० मार्च २०२५

ति. आईस,
मेघाचा जयभीम, आणि या वेळी जरा नरम.

चेतनच्या पत्राची नक्कल तू पाठवलीस ती वाचली. नमस्कार अजून घेतलेला नाही. बाजूला ठेवला आहे. त्याचे कारण सांगते.

गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. आधी दोनदा सिझेरियन झालेली बाई, आत सगळे चिकटलेले, आणि मी लघवीची पिशवी कापली. लगेच दिसले, लगेच शिवले. बाळ छान आहे, बाईही बरी होईल, पण तिला पंधरवडाभर नळी लावून राहावे लागेल. टाके घालताना माझ्या डोक्यात काय आले सांगू? आले की आत चिकटलेले होते म्हणून नळी ठेवली आहे, एवढेच सांगावे. खोटे तर नव्हते. कोणाला कळलेही नसते. मला त्या क्षणी चेतनची सूज आठवली. तो शब्द किती सहज तोंडात येतो, आई, ते मला माहीत नव्हते.

बाहेर गेले. तिची सासू आणि नवरा बसले होते. मी सांगितले की माझ्या हाताने पिशवी कापली गेली, मी ती शिवली आहे, म्हणून नळी आहे. दोनदा सांगावे लागले. नवरा भडकला, भडकायलाच हवा होता. सासूने गोंडीत काही विचारले. सिस्टरने सांगितले की ती विचारते, नळी काढायला ही डॉक्टरीणच येणार ना. मी हो म्हटले. मग तिने नवऱ्याला खाली बसवले.

पियूष नंतर म्हणाला की तू मूर्ख आहेस, उद्या हेच लोक कागद घेऊन येतील. मी म्हटले, येऊ देत, कागदावर जे असेल ते मीच आधी सांगितले आहे. त्याने माझ्यासाठी चहा केला, म्हणजे तो हरला.

मी कोर्टाच्या विरोधात झाले असे समजू नकोस. चेतन त्या सभेत अडखळला, शब्द फिरवले, 'ज्ञात गुंतागुंत', म्हणजे असे कधीकधी होतेच, वगैरे म्हणाला, तर मी दुसऱ्या दिवशी कौन्सिलला अर्ज टाकणार. पण तू त्याला जे मागितले आहेस ते पैशापेक्षा किती महाग आहे, ते आता मला ठाऊक आहे. आणि मी तुझी मुलगी आहे हे त्या सासूबाईंसमोर उभी असताना जेवढे जाणवले, तेवढे पदवी घेताना जाणवले नव्हते. हे लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील की पोरगी कधी चांगले बोलत नाही.

सभेला मला रजा मिळणार नाही. सगळे लिही. काही गाळू नकोस.

तुझी
मेघा


इंदोरा, नागपूर
६ एप्रिल २०२५

चि. मेघास,
जयभीम, आशीर्वाद, आणि पिशवी शिवल्याबद्दल शाबासकी. कापल्याबद्दल नाही. वि. वि.

काल सभा झाली. मामा मला घेऊन गेला. स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला होता, जणू लग्नाला. दारातच तेच पेढेवाले गृहस्थ भेटले, पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे म्हणाले. मी मान हलवली आणि सरळ जाऊन शेवटच्या रांगेत बसले. मामाला वाटले मी घाबरले. मी घाबरले नव्हते, माझी जागा तीच होती.

सभागृह भरलेले होते. शिकाऊ डॉक्टर, नर्सेस, मोठे डॉक्टर. चेतन पुढे आला. हातात कागद नव्हता. त्याने आधी सगळीकडे बघितले, मग मी दिसले. तुला सांगते, वर्गात पाढे म्हणायला उठायचा तेव्हा डाव्या हाताने चड्डीचा खिसा धरायचा, तसाच कोटाचा खिसा धरला. पहिली वाक्ये फार हळू गेली. मग त्याला काय वाटले कोण जाणे, माझ्याकडे बघून त्याने आवाज चढवला. शेवटपर्यंत पोचेल एवढा.

मेघा, त्याने शब्द फिरवले नाहीत. ही माझ्या शाळेतल्या बाई आहेत, इथपासून सुरुवात केली. फळ्यावर मानेचे चित्र काढले, नस कुठून जाते ते दाखवले. मी कुठे घाबरलो, इथे. मी काय केले, न बघता चिमटा लावला. काय करायला हवे होते, बोटाने दाबून धरायचे, थांबायचे आणि हाक मारायची. हाक का मारली नाही, तेही सांगितले, जसे मला लिहिले होते तसेच. मग म्हणाला की यापेक्षा मोठी चूक मी दुसऱ्या दिवशी केली, खाटेशी. तिथे त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. एका शिकाऊ मुलीने हात वर केला आणि विचारले की हाक मारल्यावर मोठे सर रागावले तर. कोणी हसले नाही. मोठे सर स्वतः उठले आणि म्हणाले की रागावलो तरी मारायची, आणि मी रागावणार नाही. चेतनने तिला तेच पुन्हा समजावले, चित्रावरून, तिने मान डोलावेपर्यंत. अगदी तसेच, भागाकारासारखे. मामा माझ्या कानाशी म्हणाला की मलाही समजले. सातवी पास माणूस.

झाले. मोठ्या सरांनी आभार मानले, लोक खुर्च्या सरकवायला लागले. चेतन मात्र फळ्यापाशी तसाच उभा. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला, खुर्ची दाखवली, तो हलला नाही. पेढेवाले गृहस्थ खुणा करत होते की चला. मला एकदम उमगले की पोरगा कशासाठी थांबला आहे.

मी उठले. एवढ्या लोकांत माझा आवाज कोणाला ऐकू जाणार, असे क्षणभर वाटले. पण मी उठलेली बघून मागची रांग थांबली, मग तिच्या पुढची, आणि सभागृह असे शांत झाले की पंख्याचा आवाज यायला लागला. मी पोट आत घेतले, तुझ्या व्यायामाच्या कागदात लिहिले आहे तसे, आणि म्हटले, "बस, चेतन."

पोचले, मेघा. फळ्यापर्यंत पोचले. तो बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

मी त्याला माफ केले असे कोणाला सांगू नकोस, मी तसे म्हटलेले नाही. माझा आवाज त्याच्यामुळे गेला आणि त्याची भरपाई व्हायची नाही. पण मला त्या पोराचा अभिमान वाटला, आणि घरी येताना मी तो लपवला नाही. मामाने रिक्षावाल्यालाही सांगितले, ही माझी बहीण, शिक्षिका आहे, डॉक्टरांना शिकवते.

दवाखान्याच्या कागदावर उद्या सही करीन. कलम काढले आहे, मी स्वतः वाचून बघितले, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून दिल्या. चेतनची नोकरी राहिली. मोठ्या सरांच्या हाताखाली.

बुद्धपौर्णिमेला रजा काढून ये. वंदना भारतीच घेईल, मी सांगून ठेवले आहे. पण मी तिच्या शेजारी बसणार, मागे नाही. आणि त्या बाईची नळी तू स्वतःच काढलीस ना, ते लिही.

त्याचा नमस्कार आता घे. लोभ तुझा माझ्यावर आहे तेवढा पुरे, उरला तर त्याला दे.

तुझी
आई